जुना सीआरओ घेतोय? पी ३१ का पी ७, ते आधी बघ

भो, तू म्हणतोस भुसावळला दोन जुने सीआरओ (सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारे ऑसिलोस्कोप) मिळतायत, भाव सारखाच, दोन्ही चालू, एकाची ट्यूब हिरवी अन् दुसऱ्याची निळी-पिवळी, कुठला उचलू. किती मेगाहर्ट्झपर्यंतचा सिग्नल दाखवतो ते सगळेच विचारतात, काचेला आतून कुठला फॉस्फर, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळले की उजळणारी पावडर, लावलाय ते कोणी विचारत नाही. पी ३१, पी ७ हे त्याचेच प्रकार.

हिरवा बहुतेक पी ३१ असेल, म्हणजे तांबं मिसळलेलं झिंक सल्फाइड. उजेडात याला तोड नाही, याचा उजेड १०० धरला तर पी ७ चा ३५ च्या आसपास, अन् आपल्याकडे मे महिन्यात शटर अर्धं वर करून बसलं की हा फरक लगेच कळतो. हा विझतोही पटकन, त्यामुळे एसएमपीएसच्या (वेगाने चालू-बंद होणाऱ्या पॉवर सप्लायच्या) वेव्हफॉर्मला एकदम बेस्ट.

पी ७ ची गंमत वेगळी, त्यात दोन थर असतात. इलेक्ट्रॉन आधी निळ्या थरावर आदळतात, त्या निळ्या उजेडाने मागचा पिवळा थर पेटतो अन् तो अंधारात काही सेकंद तसाच रेंगाळतो, म्हणून तर हा रडारला वापरायचे. मोटर पंपाच्या स्टार्टरमधला टायमरचा कपॅसिटर हळूहळू चार्ज होताना बघायचाय, स्वीप, म्हणजे ठिपक्याचा आडवा सरकायचा वेग, पडद्यावरच्या एका खान्याला एक सेकंद, तर पी ३१ वर नुसता ठिपका सरकताना दिसतो, पी ७ वर मागे अख्खी शेपूट राहते. पुढे अंबर फिल्टर लावला तर अजून साफ. पण सिग्नल बदलला की जुन्याचं भूत नव्यावर बसतं, त्याने डोकं फिरतं.

पी १ पण हिरवाच, झिंक सिलिकेटचा, पण उजेड पी ३१ च्या निम्मा, सोड.

ओळखायचं कसं? युरोपियन ट्यूबच्या नंबरात शेवटी जीएच असेल तर पी ३१, जीएम असेल तर पी ७. अमेरिकन ट्यूबवर सरळ पी अन् आकडा असतो, ५यूपी७ असा.

अन् घेताना सेट बंद करून काचेवर तिरका टॉर्च मार, मधोमध तपकिरी रेघ दिसली तर फॉस्फर जळालाय. माझ्या सेटला ती आहे, ब्राइटनेस फुल ठेवून भरीत-पुरी खायला गेलो होतो, दीड तासाने आलो.

तुझं काम चार्जर अन् इन्व्हर्टरचं, तू हिरवाच घे. निळा-पिवळा स्वस्तात सोडत असेल तर मला फोन कर.