लाल-काळ्या तांदळाची ओळख: एसएसआर की इंडेल?

परवा एमएस्सीच्या एका मुलीचा फोन आला. वालय, लाल पटणी हे लाल तांदूळ आणि मणिपूरचा काळा चाकहाव असे नमुने गोळा करून झालेत, आता मार्कर (वाण ओळखायच्या डीएनएतल्या खुणा) कुठले मागवू? एसएसआर म्हणजे डीएनएत लहानसा तुकडा पुन्हापुन्हा येतो ती जागा, इंडेल म्हणजे तुकडा वाढलेला किंवा गळालेला असतो ती जागा. पुण्यात बसून मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून तिला सांगितलं तेच इथे लिहितो.

रंगाच्या जनुकावरचा मार्कर घेतला की वाण ओळखता येईल, असं तिला वाटत होतं. तसं नाही. सातव्या गुणसूत्रावरच्या 'आरसी' जनुकातला १४ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा गळाला की दाणा पांढरा, शाबूत असला की बहुधा लाल. पॉलिश करून कोंडा गेलेल्या दाण्यातही हे कळतं, ही त्याची गंमत. पण वालय काय नि पटणी काय, दोघेही 'मी लाल' एवढंच सांगणार. नाव शोधायचं तर बाराही गुणसूत्रांवर विखुरलेले मार्कर हवेत.

तिथे एसएसआर तगडा, हे मान्यच. एकेका जागी चार-पाच अ‍ॅलील (त्या जागेची वेगवेगळी रूपं) सहज मिळतात, त्यामुळे थोडक्या मार्करांत वाण सुटे होतात. इंडेलला अ‍ॅलील जेमतेम दोन, म्हणून मार्कर जास्त लागतात.

माझं घोडं अडलं ते एसएसआरच्या पट्ट्या (जेलवर लांबीप्रमाणे वेगळे झालेले डीएनएचे तुकडे) वाचताना. एप्रिलचा उकाडा, डेव्हलपरखाली (पट्ट्या उमटवणाऱ्या द्रावणाखाली) बर्फ ठेवूनही सिल्व्हर स्टेनचं, म्हणजे चांदीच्या क्षाराने रंगवायचं, जेल तपकिरी पडत होतं. खरी पट्टी आणि तिच्या खालची सावली यांतला फरक डोळे बारीक करून शोधायचा. हा १४८ बेसचा की १५०? सकाळी एक उत्तर, संध्याकाळी दुसरं. वालयच्या एका नमुन्यात वेगळीच पट्टी दिसली म्हणून मी खूष होतो. तीन आठवड्यांनी सगळे नमुने एकाच जेलवर शेजारी-शेजारी लावले, तर पट्टी तीच! आधी जेल वेगळं होतं, एवढाच काय तो फरक.

पुढे ३०-५० बेसचा फरक असलेले इंडेल निवडले, साधं अ‍ॅगरोजचं जेल ओतलं. चहा घेऊन आलेल्या लॅबमधल्या मामांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, "ही वरची, ही खालची." मामांना जे दिसलं तेच मी वहीत लिहिलं.

अर्थात तुकड्यांची लांबी अचूक मोजणारं कॅपिलरी मशीन हाताशी असेल, किंवा जुन्या एसएसआर नोंदींशी ताडून पाहायचं असेल, तर माझं ऐकू नका. आणि कुठलाही मार्कर घ्या, डीएनए एकेका रोपाच्या कोवळ्या पानातून काढा. गावठी बियाण्यात भेसळ असतेच. मूठभर दाणे एकत्र कुटले तर दोन वाणांच्या पट्ट्या एकाच रकान्यात येतात. काळ्या दाण्यातली रंगद्रव्यं पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची क्रिया) बिघडवतात ते निराळंच.

तिला म्हटलं, आरसीचा एक आणि वीसेक इंडेल मागव. सिल्व्हर नायट्रेट तूर्तास नको. आमच्याकडे अर्धी बाटली पडून आहे, लागलीच तर घेऊन जा.