जिल्हा रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिक: यकृताची तक्रार आणि एक साधी तपासणी

एचआयव्हीवरच्या उपचाराच्या, म्हणजे एआरटीच्या गोळ्या मी अनेक वर्षे नियमित घेतो आणि विषाणूभारही आटोक्यात आहे. तरीही यंदा अन्नावरची वासना उडाली, लघवी गडद होऊ लागली आणि रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फटेज हे यकृताशी संबंधित एन्झाइम मर्यादेच्या कितीतरी पट वर निघाले. एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली, हिपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्या झाल्या, आणि त्यांत काहीच न सापडल्याने सारा दोष एआरटीवर टाकून गोळ्या थांबवण्याचा सल्ला मिळाला. एआरटी केंद्रातील समुपदेशकांनी मात्र गोळ्या परस्पर बंद करू नका असे बजावून त्याच आवारातील सुरक्षा क्लिनिकची, म्हणजे लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्याची, चिठ्ठी दिली.

तेथील डॉक्टरांनी रिपोर्ट पाहताच तळहात आणि तळपाय दाखवायला सांगितले. त्यांवर तांबूस, न खाजणारे डाग होते. आजवर कोणी ते पाहायची तसदी घेतली नव्हती. एसजीपीटी हे यकृताचे दुसरे एन्झाइम बेताचेच वाढलेले आणि अल्कलाइन फॉस्फटेज मात्र भरमसाट, हे सिफिलिस या लैंगिक आजारामुळे होणाऱ्या यकृतदाहाचे नेहमीचे चित्र असून एचआयव्ही असलेल्यांत ते औषधांच्या दुष्परिणामात सहज खपून जाते, असे त्यांनी शांतपणे समजावले. व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्ततपासणी १:१२८ आली आणि टीपीएचए या दुसऱ्या तपासणीने निदान पक्के झाले.

उपचार म्हणजे बेन्झाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत निम्मे-निम्मे. सिस्टरांनी आधी हातावर टेस्ट डोस देऊन बाकावर बसवून ठेवले आणि मग ते दाट, दुधाळ औषध अगदी सावकाश टोचले. दुखायचे ते दुखलेच. रात्री थंडी-ताप येईल, तो जंतू मरत असल्यामुळे येतो, हे त्यांनी आधीच सांगितल्याने ताप आल्यावर घरात धावपळ झाली नाही. काही आठवड्यांत यकृताचे आकडे जाग्यावर आले, तेही एआरटीचा एकही डोस न चुकवता.

त्रुटी आहेतच. त्या दिवशी इंजेक्शनचा साठा नसल्याने ते बाहेरून विकत आणावे लागले. त्याहून खटकले ते भरल्या व्हरांड्यात नाव मोठ्याने पुकारणे. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला असताना केसपेपरच्या क्रमांकाने बोलावणे मुळीच अवघड नाही. जोडीदाराला तपासणीसाठी आणण्याचा विषय मात्र समुपदेशकांनी दार लावून, कसलाही उपदेश न करता काढला.

व्हीडीआरएलचे टायटर, म्हणजे १:१२८ हा आकडा, उपचारानंतर किमान चौपट उतरायला हवे होते. तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत ते १:१६ आले. पुढची तारीख केसपेपरवर लिहून मिळाली आहे.