बाहेरचे वकील रिटेनरवर: एचआरच्या टेबलावरून, वर्षभरानंतर

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणारी आमची कंपनी. कायम, कंत्राटी आणि ऑफिसातली धरून दोनशेच्या आसपास माणसं, आणि एचआरमध्ये आम्ही तिघं. स्वतःचा विधी विभाग परवडत नाही, म्हणून गेल्या वर्षी पुण्यातलं कामगार कायद्याचं एक वकील ऑफिस महिन्याच्या ठराविक फीवर, म्हणजे रिटेनरवर, घेतलं. आजूबाजूच्या कंपन्यांतले एचआरवाले विचारतात, पैसे वसूल होतात का? होतात, पण कोर्टातल्या कामामुळे नाही. पत्र आपल्या हातून सुटण्याआधी वकिलांनी ते वाचलेलं असतं, त्याचे हे पैसे आहेत.

रात्रपाळीत एका ऑपरेटरने सुपरवायझरची कॉलर धरली. सकाळी प्लांट हेडचा निरोप आला, आजच्या आज काढून टाका. त्या ऑफिसच्या वकील मॅडम फोनवर म्हणाल्या, "आज फक्त चौकशी होईपर्यंत निलंबन करा. बडतर्फीचं नावही काढू नका. आणि पाहणाऱ्यांचे जबाब दुपारच्या आत घ्या, उद्यापर्यंत सगळे एकमेकांशी बोललेले असतील." संध्याकाळी आम्ही चार्जशीटचा, म्हणजे कामगाराला द्यायच्या आरोपपत्राचा, मसुदा त्यांना पाठवला. 'वरिष्ठांशी उद्धट व अशोभनीय वर्तन' हे शब्द त्यांनी खोडले आणि समासात प्रश्न लिहिले: किती वाजता, कोणत्या मशीनपाशी, नेमके शब्द कोणते, स्थायी आदेशांचं (कंपनीतल्या नोकरीच्या नियमांचं) कोणतं कलम? शिवी दिली असेल तर ती जशीच्या तशी लिहा, असंही बजावलं. आमच्या असिस्टंटला ते टाइप करताना अवघडल्यासारखं झालं, पण कारण पटण्यासारखं होतं. आरोप मोघम असेल तर कामगाराने उत्तर द्यायचं तरी नेमकं कोणत्या गोष्टीला? लेबर कोर्टात चौकशी टिकत नाही ती बहुतेकदा अशाच ठिकाणी.

त्यानंतर कंपनीत झालेल्या चौकशीत कंपनीची बाजू स्वतः मांडायला मात्र मॅडमनी नकार दिला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या जुन्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की मालकाच्या बाजूने कायद्याचा जाणकार उभा असेल तर कर्मचाऱ्यालाही वकील मिळाला पाहिजे. म्हणून बाजू मांडली आमच्याच एका अधिकाऱ्याने, आणि ऑपरेटरने सोबत युनियनचा सहकारी आणला. दोन्ही बाजूंचं ऐकल्यावर कळलं की त्याला सलग डबल ड्यूटी लावली होती आणि घरच्या आजारपणासाठी मागितलेली रजा नाकारली होती. कॉलर धरणं चूकच होतं, त्याची शिक्षा म्हणून चार दिवसांचं निलंबन झालं. आज तो कामावर आहे. त्या सकाळी बडतर्फीचं पत्र गेलं असतं तर एक कुटुंब उघड्यावर आलं असतं आणि कंपनी वर्षानुवर्षं तारखा करत बसली असती.

दुसरा मोठा फायदा लैंगिक छळाच्या तक्रारींबाबत. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असले की अंतर्गत समिती लागते, तिच्यात निम्म्या तरी महिला आणि एक बाहेरचा सदस्य. आमची समिती आतापर्यंत नोटीस बोर्डापुरतीच होती. वकिलांनी सदस्यांना दिवसभर बसवून शिकवलं: तक्रार कशी घ्यायची, उलटतपासणीचे प्रश्न लेखी कसे घ्यायचे, नव्वद दिवसांची मुदत कशी पाळायची. घाई करू नका हेही सांगितलं, आणि गोवा विद्यापीठाच्या प्रकरणाचं उदाहरण दिलं. तिथे समितीने घाईघाईत कामकाज उरकलं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बडतर्फी रद्द करून प्रकरण परत समितीकडे पाठवलं. अशी घाई तक्रारदार बाईवरही अन्याय करते, कारण तिला सगळं पुन्हा सांगावं लागतं. 'तुम्हीच बाहेरच्या सदस्य व्हा' अशी गळ आम्ही मॅडमना घातली, तर त्या स्पष्ट नाही म्हणाल्या. कंपनीकडून सल्ल्याची फी घेणारी व्यक्ती त्या खुर्चीत बसली तर तक्रारदाराने विश्वास कुणावर ठेवायचा? त्या नकाराने माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

२१ नोव्हेंबर २०२५ ला कामगार कायद्यांच्या चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या तेव्हाही ऑफिस कामी आलं. भत्ते निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनात धरायची, ठराविक मुदतीच्या कर्मचाऱ्याला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी, नोकरी सुटल्यावर राहिलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत. हे सगळं आमच्या पगारपत्रकावर प्रत्यक्ष मांडून दाखवलं. नुसती परिपत्रकं फॉरवर्ड केली नाहीत.

गोपनीयतेचा मुद्दा मला आधी किरकोळ वाटायचा. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गोपनीय राहावं म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने दिलेलं संरक्षण कंपनीच्या पगारी (इन-हाऊस) वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं. बाहेरच्या वकिलाकडे मागितलेल्या सल्ल्याला ते आहे. पण म्हणून प्रत्येक ईमेलला वकिलांना सीसी करण्यात काही अर्थ नाही.

आता खटकलेलं. सुरुवातीला पत्रं इंग्रजीत यायची. ज्याची नोकरी पणाला लागलीय त्याला चार्जशीट वाचता आलीच पाहिजे, यासाठी मला भांडावं लागलं. महिनाअखेरीला मॅडमऐवजी ज्युनियर फोन घ्यायचे आणि उत्तर 'रिस्क आहे' एवढंच. रिस्क आहे हे आम्हालाही कळतं. किती आणि कुठे, ते हवं असतं. कोर्टातल्या तारखांचं बिल रिटेनरच्या बाहेर आहे, हे करारात बारीक अक्षरात होतं. शिवाय आमच्याच काही मॅनेजरांना सवय लागली, अवघड बोलणं आलं की 'वकिलांना विचारा'. राजीनामा देऊ पाहणाऱ्या माणसासमोर बसून दोन शब्द बोलणं हे एचआरचं काम आहे, ते वकिलावर ढकलता येत नाही.

करार पुढच्या वर्षासाठी वाढवला आहे. कामगाराच्या हातात जाणारा प्रत्येक कागद मराठीत, निलंबनाच्या प्रकरणात त्याच दिवशी मॅडमचं स्वतःचं उत्तर, आणि तारखांचे दर आधीच लेखी, या अटी घालून. तिन्ही त्यांनी मान्य केल्या.