गोवा ते लिस्बन: आखातातून जावे की मुंबईमार्गे?

गोव्याहून लिस्बनला थेट विमान नाही. त्यामुळे वाटेत किमान एक थांबा घ्यावाच लागतो आणि तिकीट काढणाऱ्यापुढे प्रश्न उरतो तो हा की, तो आखातात घ्यावा की मुंबईत. नकाशा पाहून अनेकांना आखात म्हणजे आडवाट वाटते. पण पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो दोहा-दुबईच्या बाजूनेच जातो. सरळ हवाई अंतर सुमारे ८,३०० किलोमीटर आहे आणि दोहामार्गे ते ८,४०० च्या आतच राहते. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे गेल्यास मात्र ते ८,९०० च्या जवळ पोहोचते, तर दिल्लीमार्गे ९,२०० च्याही पुढे जाते.

वेळेतला फरक याहून मोठा आहे. गोवा-दोहा सुमारे चार तास, पुढे लिस्बनपर्यंत जवळपास आठ तास आणि मध्ये तीन तासांचा थांबा धरला, तर पंधरा तासांत माणूस पोहोचतो. मुंबई आणि फ्रँकफर्ट असे दोन थांबे घेतल्यास हवेतच तेरा-चौदा तास जातात आणि एकूण प्रवास सहज वीस तासांवर जातो. तिकिटावरील वेळा स्थानिक असतात, हे ध्यानात ठेवावे. हिवाळ्यात लिस्बन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. म्हणून पहाटे चारला निघून दुपारी दीडला पोहोचणारा हिवाळ्यातला प्रवास साडेनऊ तासांचा दिसला, तरी तो पंधरा तासांचाच असतो.

माझ्या मते खरा निर्णय परतीच्या प्रवासावर करावा. परदेशातून येताना भारतातल्या पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन आणि कस्टम्स होते. त्यामुळे मुंबईत उतरल्यावर, तिकीट एकच असले तरी, बॅगा पट्ट्यावरून उतरवून घ्याव्या लागतात आणि पुन्हा गोव्याच्या विमानासाठी सोपवाव्या लागतात. वयस्क आईला घेऊन मी हे पहाटे केले आहे: एका हाताने तिला धरायचे, दुसऱ्या हाताने ट्रॉली ढकलायची आणि पुढचे विमान सुटेल या धास्तीने घड्याळाकडे पाहत राहायचे. तिकिटे वेगवेगळी काढली आणि देशांतर्गत विमान टर्मिनल एकवरून असले, तर टर्मिनल दोनहून तिथे रस्त्याने जावे लागते, ते निराळेच. आखातातून थेट गोव्यात उतरल्यास हे सगळे सोपस्कार आपल्या विमानतळावर एकदाच होतात.

मुंबईत काम असेल, किंवा भाड्यातली तफावत खरोखर मोठी असेल, तर मुंबईमार्गे जायला हरकत नाही. मात्र परतताना तिथे किमान चार तास हाताशी ठेवावेत. बाकीच्यांनी, विशेषतः ज्येष्ठांनी आणि लहान मुले बरोबर असणाऱ्यांनी, आखातातला एकच थांबा असलेले आणि दोन्ही टप्पे एकत्र असलेले तिकीट घ्यावे. तो थांबा दीड तासापेक्षा कमी नसावा. शिवाय गोव्यातल्या दोन विमानतळांपैकी विमान मोपाहून आहे की दाबोळीहून, हे आधी पाहावे, कारण मडगावकराला दाबोळी जवळ पडते आणि मोपा गाठायला साठ किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागते.