व्हाउचर खरं, बुकिंग गायब: सिंगापूर युनिव्हर्सलच्या पॅकेजमध्ये आम्हाला घातलेला गंडा

पोरांना घेऊन सिंगापूरला जायचं, युनिव्हर्सल स्टुडिओ दाखवायचा, असा ज्यांचा मे महिन्याचा किंवा दिवाळीचा बेत चाललाय त्यांच्यासाठी लिहितोय. जरा लांबलंय पण वाचा, कारण आम्हाला ज्या पद्धतीने फसवलं ती पद्धत कुणी नीट सांगत नाही, सगळे म्हणतात खोटी तिकिटं देतात, खोट्या वेबसाइट असतात वगैरे. आमच्या एजंटने एकही खोटा कागद दिला नाही हो. सगळे कागद खरे होते, ज्या दिवशी दाखवले त्या दिवशी खरे होते!

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण हे ऐकलं की प्रत्येक माणूस पहिलं हेच बोलतो, 'स्वस्तात मिळतंय म्हणून भुलले असतील.' तसं नाही. चार जणांचं, म्हणजे आम्ही दोघं आणि दोन पोरं, विमान हॉटेल व्हिसा आणि युनिव्हर्सलची तिकिटं धरून पावणेतीन लाखाच्या आत कोटेशन होतं, आणि नावाजलेल्या कंपन्यांचं तीनच्या आसपास. एवढा फरक तर कुठल्याही गावातल्या एजंटकडे असतोच, त्याचं ऑफिस भाडं कमी, जाहिरात नाही. खरा लबाड माणूस निम्म्या किमतीत देतो असं कधीच म्हणत नाही, तो वीस-पंचवीस हजारच कमी सांगतो, म्हणजे आपल्याला संशयही येत नाही आणि दुसरीकडे जावंसंही वाटत नाही. आणि हा काही अनोळखी नव्हता, सांगलीत कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, आमच्या सोसायटीतली ज्येष्ठ मंडळी त्याच्याबरोबर काशी-अयोध्या करून आलेली, सगळ्यांचा अनुभव चांगला. जीएसटी नंबर सुद्धा आम्ही पोर्टलवर टाकून बघितला होता, ॲक्टिव्ह होता. आता ॲक्टिव्ह नंबर म्हणजे माणूस सरळ असं पोर्टल कुठंच म्हणत नाही म्हणा.

टोकन फर्मच्या अकाउंटला घेतलं, पावती दिली. मग व्हिसा आले. सिंगापूरचा व्हिसा आपल्याला अधिकृत एजंटमार्फतच काढावा लागतो, मूळ फी 30 सिंगापूर डॉलर, आणि तो ई-व्हिसा खरा असतो की नाही ते त्यांच्या सरकारी साइटवर तपासता येतं. तपासला, खरा होता. इथंच आमचा विश्वास बसला, आणि मला वाटतं त्याचा हिशोब हाच होता, की जे तपासता येतं आणि ज्याच्यात खर्च कमी आहे ते चोख द्यायचं. मग बाकीचे पैसे मागताना 'कंपनीच्या युपीआयची आजची लिमिट संपली, या नंबरवर टाका' म्हणून त्याच्या मिसेसच्या नावाचा क्युआर पाठवला. कार्डने देतो म्हटलं तर 'मशीन बंद आहे आणि दोन टक्के जादा लागतील', हे उत्तर तर आपल्याकडे कुठल्याही दुकानात मिळतं.

आता हॉटेलचं बघा. लिटल इंडियाजवळ फेरर पार्क स्टेशनच्या बाजूचं हॉटेल, व्हाउचर आलं, बायकोने त्या हॉटेलला स्वतः मेल करून विचारलं की या नावाने बुकिंग आहे का, दुसऱ्या दिवशी हॉटेलचं उत्तर, हो आहे. यापेक्षा जास्त माणूस काय तपासणार सांगा. आम्ही रात्रभर गाडीने मुंबई, पहाटेचं विमान, साडेपाच तास प्रवास, त्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, असे आंबलेल्या तोंडाने रिसेप्शनला पोचलो तर ती मुलगी टाइप करते, परत पासपोर्ट बघते, परत टाइप करते. शेवटी तिने स्क्रीन आमच्याकडे फिरवली. बुकिंग होतं, आमचीच नावं, आणि खाली लाल अक्षरात कॅन्सल्ड, ते पण आम्ही निघायच्या जेमतेम दोन दिवस आधी. फ्री कॅन्सलेशनचा रेट घेऊन बुक करायचं, गिऱ्हाइकाला व्हाउचर द्यायचं, तपासू द्यायचं, आणि मुदत संपायच्या आत कॅन्सल करून टाकायचं, खिशातून एक रुपया न घालता. आम्हाला त्याचा मेल नाही की मेसेज नाही, कारण बुकिंगला ईमेल आणि मोबाईल त्याचा.

फोन लावला तर लगेच उचलला बरं का! 'सर सिस्टीम इश्यू आहे, तुम्ही बसा, चहा घ्या, अर्ध्या तासात करतो.' मग व्हॉइस नोट. मग ब्लू टिक पण उत्तर नाही. संध्याकाळपर्यंत फोन स्विच ऑफ. बायकोचा मावसभाऊ तिकडं सेंगकांगला राहतो, तो आला आणि त्याच्या कार्डावर दुसरं हॉटेल घेतलं, काउंटरवर ऐनवेळी जो रेट सांगतात तो ऐकून मी पोरांसमोर काही बोललो नाही एवढंच.

तरी आम्हाला वाटलं चला, हॉटेलचा घोळ झाला असेल, युनिव्हर्सलची तिकिटं तर हातात आहेत. तिकिटं म्हणजे क्युआर कोड, आम्ही निघायच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर पाठवलेले, तारीख घातलेली, बरोबर. विवोसिटी मॉलमधून सेंटोसा एक्सप्रेस नावाच्या मोनोरेलने गेलो, बाहेर तो फिरणारा मोठा पृथ्वीचा गोळा आहे ना तिथं सगळ्यांसारखे फोटो काढले. मुलगा पाचवीतला, त्याला बॅटलस्टार गॅलॅक्टिकाच्या रोलर कोस्टरवर बसायचं होतं, त्याला 125 सेंटिमीटर उंची लागते, त्यासाठी घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करून करून चौकट काळी केली होती पठ्ठ्याने. गेटवर त्याचाच कोड पहिला लावला, मशीन लाल. परत लावला, लाल. मग माझा, बायकोचा, मुलीचा, चारही लाल, आणि मागं रांग थांबलेली. गेटवरच्या माणसाने अगदी सभ्यपणे बाजूला घेऊन गेस्ट सर्व्हिसेसला पाठवलं. तिथल्या बाईंनी कोड टाकून सांगितलं की तिकिटं अस्सल आहेत पण आज सकाळीच या चारही तिकिटांवर लोक आत गेलेत.

म्हणजे तेच चार कोड त्याने दुसऱ्या कुणाला तरी, बहुतेक आमच्यासारख्याच चौकोनी कुटुंबाला विकले होते, आणि ते लोक नाष्टा करून आमच्या आधी पोचले. जो पहिला पोचला त्याचं तिकीट. ते बिचारे आत मिनियन बघत असतील, त्यांना पत्ताही नाही. आणि क्युआर कोड म्हणजे काय, फोटोच तो, दहा जणांना पाठवला तरी दहाही फोनमध्ये सारखाच दिसतो, त्याच्याकडे बघून वापरलेला की नवा हे देवाला सुद्धा कळणार नाही. मावसभाऊ म्हणाला इथं याचा अजून एक प्रकार चालतो, चोरीच्या क्रेडिट कार्डावर पार्कची तिकिटं घ्यायची आणि ऑनलाइन स्वस्तात विकायची, कार्डवाल्याने तक्रार केली की तिकीट रद्द, अडकतो तो घेणारा, सिंगापूर पोलिसांनी तिथल्या लोकांनाच यावरून सावध केलेलं आहे.

तिथंच मोबाईलवर पार्कच्या साइटवरून नवी तिकिटं काढली, मोठ्या माणसाला 80 डॉलरच्या वर, 4 ते 12 वर्षांच्या पोरांना थोडं कमी, आणि लगेच मिळाली, हे विशेष. म्हणजे जे काम पाच मिनिटांत आपलं आपण होतं, तारीख निवडा, कार्ड टाका, तिकीट आपल्या मेलवर, त्यासाठी आपण मध्ये माणूस घालतो. एक्सप्रेस पासचे पण त्याने वेगळे पैसे घेतले होते, 'रांगेत उभं राहायला लागणार नाही सर', एक्सप्रेस हे वेगळंच तिकीट असतं आणि ते तर पाठवलंच नव्हतं, पाठवलेल्या चार कोडमध्येच आहे म्हणे. मुलगा कोस्टरवर बसला, 126 भरला, खूश. आमचं डोकं मात्र सगळा वेळ परतीच्या विमानात.

कारण हॉटेल गेलं, तिकिटं गेली, मग विमान? जातानाचं आणि येतानाचं तिकीट त्याने वेगवेगळ्या पीएनआरवर दिलं होतं, 'असं स्वस्त पडतं'. पाठवलं त्याच रात्री एअरलाइनच्या साइटवर पीएनआर टाकून आम्ही बघितला होता, चारही नावं, फ्लाइट, तारीख, सगळं उघडलं. आता उघडेना. हेल्पलाइनवर तासभर गाणं ऐकल्यावर कळलं की तो पीएनआर नुसता होल्डवर होता, पैसे भरून तिकीट इश्यू झालंच नाही, मुदत संपल्यावर आपोआप उडाला. हे प्लीज नीट समजून घ्या, सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे तिकीट नाही. तिकीट इश्यू झालं की 13 आकडी ई-तिकीट नंबर येतो, एअर इंडियाचा असेल तर 098 ने सुरू, सिंगापूर एअरलाइन्सचा असेल तर 618 ने. हा नंबर प्रत्येक प्रवाशाचा वेगळा असतो. आमच्या परतीच्या कागदावर त्या जागी फक्त 'कन्फर्म्ड' लिहिलेलं होतं, ठळक हिरव्या रंगात. मुंबईला चेक-इनला हाच कागद दाखवून आम्ही पुढे गेलो, त्यांनाही काही वाटलं नाही. ऐन मे महिन्यात चौघांची एकेरी तिकिटं घेऊन परत आलो, नव्वद हजारांच्या आसपास गेले, त्यातले निम्मे मावसभावाचे.

लहानसहान लुबाडणूक तर वेगळीच. सिंगापूरला उतरायच्या आधी तीन दिवसांच्या आत एसजी अरायव्हल कार्ड भरायचं असतं, सरकारी साइटवर, पूर्ण फुकट. याने माणशी आठशे लावले होते 'इमिग्रेशन प्रोसेसिंग' म्हणून. हे तर चांगले चांगले एजंट सुद्धा लावतात, शिवाय तसल्याच दिसणाऱ्या साइट आहेत ज्या पैसे घेऊन तोच फॉर्म भरतात.

आणि टीसीएस! परदेशाच्या टूर पॅकेजवर एजंटने टीसीएस, म्हणजे गिऱ्हाइकाकडून आगाऊ घ्यायचा इन्कम टॅक्स, कापून सरकारला भरायचा असतो, आम्ही गेलो तेव्हा आमच्या रकमेला 5 टक्के होता, दर बदलत असतो. 'हा तुम्हाला रिटर्न भरताना परत मिळतो सर, टेन्शन नाही' म्हणत साडेतेरा हजार घेतले, पॅनकार्डची झेरॉक्स घेतली. आल्यावर सीएकडे फॉर्म 26एएस, म्हणजे आपल्या पॅनवर किती टॅक्स जमा झालाय त्याचा सरकारी तक्ता, काढला तर टीसीएसच्या रकान्यात काहीच नाही. सीए म्हणाला कापणाऱ्याने दर तीन महिन्यांनी स्टेटमेंट भरावं लागतं, मग 27डी नावाचं सर्टिफिकेट द्यावं लागतं, याने काही भरलेलं दिसत नाही. म्हणजे सरकारच्या नावाने पण खाल्ले. मला विचाराल तर एजंटची परीक्षा करायची असेल तर हीच बेस्ट जागा आहे, त्याला विचारा तुमच्याकडून मागच्या वर्षी गेलेल्या कुणाच्या 26एएसमध्ये तुमचं नाव दिसतंय का. जो खरंच भरतो तो लगेच दोन गिऱ्हाइकांचे नंबर देईल, दुसरा विषय बदलेल.

तक्रारीचं सांगतो. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, cybercrime.gov.in या सरकारी पोर्टलवर पण तक्रार टाकली, पण 1930 चा खरा उपयोग पैसे गेल्यागेल्या काही तासांत, खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवतात म्हणून, आमचे पैसे जाऊन महिने झालेले. पोलीस स्टेशनला साहेब म्हणाले हा व्यवहाराचा वाद, कोर्टात जा. त्यांना म्हटलं एकच तिकीट दोघांना विकणं हा कुठला व्यवहार, तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318, म्हणजे फसवणुकीच्या कलमाखाली अर्ज तरी घेतला. अर्जासोबत गेस्ट सर्व्हिसेसने दिलेला मेल जोडला होता, तिकिटं किती वाजता वापरली गेली ते त्यात लिहून मागून घेतलं होतं मावसभावाने, आम्हाला त्या गडबडीत सुचलंही नसतं. हॉटेलकडून कॅन्सलेशनची तारीख पण तशीच मेलवर मागितली. हे दोन कागद नसते तर 'तुम्हीच उशिरा गेलात, तुम्हीच कॅन्सल केलं' म्हणायला तो मोकळा होता, आणि नोटिशीला त्याच्या वकिलाने अगदी हेच उत्तर दिलंय.

ग्राहक आयोगात मात्र आपण जिथं राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 2019 च्या कायद्यात तशी सोय आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. ई-जागृती पोर्टलवर घरूनच भरली. आमची तारीख लागलेली आहे. त्याच्या ऑफिसच्या जागी आता मोबाईलच्या काचा बदलून देतात, आणि तो स्वतः दुसऱ्या नावाने दुबईची पॅकेजेस विकतोय असं कळलंय. त्या सकाळी आमच्याच कोडवर आत गेलेलं कुटुंब, किंवा त्या मे महिन्यात सांगली-मिरजेतून असंच पॅकेज घेऊन गेलेलं कुणी असेल तर तुमचं हॉटेल टिकलं असलं तरी 26एएस एकदा काढून बघा. आणि व्हॉट्सॲपवर आलेले कोड, पेमेंटचे स्क्रीनशॉट डिलीट करू नका, सारखंच नुकसान झालेल्यांना आयोगात एकत्र येता येतं.