हायपरथायरॉइड: आयोडीनची कॅप्सूल की ऑपरेशन?

थायरॉइड ग्रंथीचं जादा काम आवरणाऱ्या कार्बिमॅझोल गोळीचा दीड वर्षाचा कोर्स झाला, गोळी बंद केली आणि काही महिन्यांतच छातीतली धडधड, हातांची थरथर परत आली. अशा वेळी डॉक्टर दोन पर्याय पुढे ठेवतात: रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन किंवा ऑपरेशन. पेशंटचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो, "आयुष्यभराची गोळी कशात टळेल?" ग्रेव्हज आजार (यात शरीराची प्रतिकारशक्तीच अख्ख्या ग्रंथीला जास्त काम करायला लावते) असेल तर ती सहसा कशातच टळत नाही. ऑपरेशनमध्ये पूर्ण ग्रंथी काढली की लगेच थायरॉक्सिन, म्हणजे ग्रंथीच्या हार्मोनची रोजची गोळी, सुरू होतं. आयोडीननंतर बहुतेकांवर ती वेळ काही महिन्यांत येते, कुणावर काही वर्षांनी. तेव्हा गोळीच्या धास्तीने निर्णय घेऊ नका. उपाशीपोटी घेतलेल्या त्या एका गोळीपेक्षा उधळलेला थायरॉइड हृदयाला आणि हाडांना कितीतरी जास्त महागात पडतो.

आधी डोळे बघा. ते पुढे आल्यासारखे, लालसर, चुरचुरणारे असतील, किंवा एकाचे दोन दिसत असतील तर आयोडीनने हा त्रास वाढू शकतो, सिगारेट ओढणाऱ्यांत तर जास्तच. सौम्य त्रास असेल तर सोबत स्टेरॉइड देऊन आयोडीन देता येतं. डोळ्यांचा आजार जोरात असेल तर माझा कौल ऑपरेशनला. हा मुद्दा मुद्दाम वर घेतला, कारण डोळ्यांची तक्रार एका डॉक्टरकडे जाते, थायरॉइडची दुसऱ्याकडे, आणि दोन्ही कागद एका टेबलावर येतच नाहीत.

मग बाळाचा विचार. गरोदरपणात आयोडीन अजिबात चालत नाही. अंगावर पाजत असाल तर ते किमान 6 आठवडे आधी पूर्ण थांबवावं लागतं, आणि उपचारानंतर निदान 6 महिने दिवस जाऊ द्यायचे नसतात. पुरुषांनाही काही महिने थांबायला सांगतात. लवकर मूल हवं असेल तर ऑपरेशनचा रस्ता जवळचा.

या अडचणी नसतील, तर आयोडीन खरोखर सोपं आहे. शिशाच्या जाड डबीतून एक साधी कॅप्सूल निघते, पाण्याबरोबर गिळायची, झालं. त्या क्षणी काहीच जाणवत नाही. थायरॉइड नेहमीचं आयोडीन समजून ते ओढून घेते आणि त्याचे बीटा किरण एक-दोन मिलिमीटरच्या आतच पेशी मारतात. 'रेडिओअ‍ॅक्टिव्ह' शब्दाने पोटात गोळा येतो हे मला कळतं, पण हा उपचार 1941 पासून वापरात आहे आणि आयोडीन-131 चं अर्धायुष्य अवघं 8 दिवसांचं, म्हणजे दर 8 दिवसांनी ते निम्मंच उरतं. खरी अडचण घरात येते. डोसप्रमाणे काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेसुद्धा, वेगळं झोपायचं, लहान मुलांपासून आणि गरोदर बाईपासून लांब राहायचं. कुशीत शिरल्याशिवाय न झोपणारं लेकरू घरी असेल, तर त्याला रात्री कोण घेणार हे तारीख ठरवायच्या आधी ठरवा. गुणही सावकाश येतो, दीड ते सहा महिन्यांत. काहींना दुसरा डोस लागतो.

ऑपरेशनचा निकाल हातोहात मिळतो. गाठ मोठी होऊन श्वासनळीवर दाब येत असेल किंवा कॅन्सरची शंका असेल, तर तेच करावं. त्याआधी औषधांनी थायरॉइड ताब्यात आणावा लागतो. धोके मुख्यतः दोन. आवाजाची नस ग्रंथीला अगदी खेटून जाते, आणि मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्या दुखावल्या की कॅल्शियम उतरतं, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. बहुतेकदा हे तात्पुरतं असतं, आणि सरावाच्या हातांत नस कायमची दुखावण्याचं प्रमाण शेकड्यात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. म्हणून सर्जनना बेधडक विचारा, "वर्षाला थायरॉइडची किती ऑपरेशन्स करता?" 25 हून जास्त असतील तर निर्धास्त व्हायला आधार आहे. गळ्यावरचा व्रण वर्षभरात बराच फिका पडतो.

गोळी टळण्याची खरी आशा असते ती एकाच गाठीमुळे थायरॉइड वाढलेला असेल तर. तिथे ग्रंथीचा अर्धाच भाग काढतात आणि झोपी गेलेला उरलेला अर्धा भाग हळूहळू कामाला लागतो. आयोडीन दिलं तरी ते मुख्यतः त्या गाठीतच जातं. त्यामुळे स्कॅनचा रिपोर्ट आला की डॉक्टरांना पहिलं हेच विचारा: ग्रेव्हज आहे की एकच गाठ?