घोडा पाहावा की कड्या? 1857 वरील चरित्रपटांतील बंदुका ओळखताना

1857 च्या नायकांवरील चरित्रपट पाहताना पडद्यावरची बंदूक खरोखर त्या काळातली आहे का, हे ज्यांना स्वतः पडताळायचे आहे, त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत. एक तर बंदुकीचा घोडा, म्हणजे चाप ओढताच आपटून दारू पेटवणारा भाग, आणि त्याभोवतीची कळ, म्हणजे तो चालवणारी यंत्रणा, पाहायची, किंवा नळी दस्त्याला कशाने, कड्यांनी की आणखी कशाने, जखडली आहे ते पाहायचे. जाणकार बहुधा पहिली वाट सुचवतात आणि त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. मी स्वतः मात्र दुसरीकडे वळलो आहे. ठासणीच्या बंदुकीची जुजबी ओळख वाचकाला आहे, असे धरून चालतो.

घोड्याच्या जबड्यात गारगोटी असेल तर बंदूक चकमकीची, तो भरीव असून टोपीवर (आघाताने पेटणाऱ्या धातूच्या छोट्या टोपणावर) आपटत असेल तर टोपीची, आणि वळलेल्या कांबीत जळती वात धरलेली असेल तर तोड्याची. इतका स्वच्छ निवाडा दुसरा कोणताही भाग देत नाही. 1857 पुरता तर हा भेद फारच महत्त्वाचा आहे, कारण कंपनीच्या बंगाल लष्करातील बहुतेक शिपायांकडे तेव्हा आतून गुळगुळीत नळीची, पण टोपीवर उडणारी बंदूक होती. नळीत मळसूत्री खाचा असलेली नवी एनफील्ड रायफल डमडम, अंबाला आणि सियालकोट येथील केंद्रांत शिकवली जात होती. पलटणींना ती सरसकट वाटलेली नव्हती. त्यामुळे 29 मार्च 1857 रोजी बराकपूरला मंगल पांडे यांच्या हाती एनफील्ड दाखवणे जितके खटकते, तितकीच गारगोटीची ब्राउन बेस ही जुनी ब्रिटिश बंदूकही खटकायला हवी, आणि ही दुसरी चूक घोडा पाहिल्याशिवाय पकडता येत नाही.

असे असूनही माझे मन घोड्यावरून उडाले ते एकाच त्रासामुळे. या बंदुकांची कळ फक्त उजव्या बाजूला असते. शिपाई दस्ता उजव्या खांद्याला लावून गाल त्यावर टेकवतो, तेव्हा त्याचा चेहरा डावीकडूनच नीट दिसतो. आणि चरित्रपटाला तर नायकाचा चेहराच हवा असतो. परिणामी ज्या क्षणी बंदूक सर्वांत ठळक दिसायला हवी, त्याच क्षणी कॅमेरा कळीच्या विरुद्ध बाजूला उभा असतो. चित्र थांबवून, पुढेमागे करून मी पुष्कळदा पाहिले आहे. क्वचित उजवी बाजू मिळालीच, तर तिथे नटाची मूठ असते किंवा धूर असतो. शिवाय सोयीसाठी बदलला जाणारा भागही नेमका हाच आहे. जुन्या हॉलिवूडपटांत मागून भरायच्या स्प्रिंगफील्ड बंदुकांना खोटी चकमक चढवून त्या शंभर वर्षे जुन्या म्हणून खपवल्या जात.

कड्यांचे तसे नाही. त्या नळी आणि दस्ता यांना वेढून बसलेल्या असतात, म्हणून डावीकडूनही तितक्याच दिसतात. एनफील्डच्या 1853 च्या नमुन्याला अशा तीन लोखंडी कड्या असतात, टोकाला पितळी बोंडी असते आणि वरच्या कडीला पट्टा अडकवण्याचे कडे लोंबत असते. ब्राउन बेसची नळी आडव्या खिळ्यांनी बसवलेली असल्यामुळे तिच्या बाजूचे लाकूड टोकापर्यंत सलग दिसते. खाली दारू ठासण्याचा गज धरणारी पितळी नळकांडी तेवढी चमकतात, आणि दुरून त्यांनाच कड्या समजण्याचा धोका असतो. लांबीवर तर मुळीच विसंबू नये, कारण एनफील्डची आणि ब्राउन बेसच्या इंडिया पॅटर्न या नमुन्याची, दोन्ही नळ्या 39 इंचांच्याच आहेत. संस्थानी शिपायांच्या हातातील देशी तोड्याची बंदूकही याच खुणेने वेगळी पडते, कारण तिची नळी बहुधा चामड्याच्या वादीने किंवा तारेने दस्त्याला आवळलेली असते.

कड्या जिथे फसवतात तेही सांगायला हवे. उठावानंतर हिंदी पलटणींसाठी 1858 मध्ये मुद्दाम गुळगुळीत नळीची बंदूक काढली गेली, ती बाहेरून जवळपास एनफील्डच दिसते. तिथे मागची नेम धरण्याची पट्टी पाहावी: एनफील्डची पट्टी वर उभी करता येते, हिची साधी आणि पक्की बसवलेली असते. 1866 ची मागून भरायची स्नायडर रायफल तर जुन्या एनफील्डमध्येच फेरफार करून तयार झाली, त्यामुळे कड्या त्याच आणि घोडाही जवळपास तसाच. नळीच्या बुडाशी उजवीकडे उघडणारे झाकण दिसले, तर ती 1857 ची नव्हे.

दोन्ही बाजू स्पष्ट दिसत असतील तर आधी घोडा पाहावा, याबद्दल माझी तक्रार नाही. पण तशी चौकट हाती येईपर्यंत थांबण्यापेक्षा, अशा चित्रपटांत हमखास येणारा काडतूस दाताने फोडण्याचा प्रसंग निवडावा, असे मी सुचवेन. तेव्हा दस्ता जमिनीवर टेकलेला असतो, कळ चौकटीबाहेर गुडघ्यापाशी राहते आणि नळीचे तोंड छातीसमोर येते, म्हणजे चेहरा टिपणाऱ्या कॅमेऱ्यालाही वरची कडी टाळता येत नाही.